कॅपिटल अक्षरातला 'तो'

इंग्रजी बायबलच्या काही आवृत्त्यांत देवासाठी आलेलं सर्वनाम कॅपिटल अक्षराने सुरू होतं, अगदी वाक्याच्या मधोमध आलं तरी. येशूचंही तसंच. आपल्या देवनागरीत अक्षरांना लहान-मोठेपणच नाही, त्यामुळे ही भानगड आपल्याला नवी. पाहणाऱ्याला वाटतं, मूळ पोथ्यांपासून चालत आलेली रीत असणार. तशी ती नाही. आणि ती नुसती आदराची बाबसुद्धा नाही.

जुना करार मुख्यतः हिब्रूत आहे, आणि हिब्रू लिपीत देवनागरीसारखंच कॅपिटल-स्मॉल काही नसतं. नवा करार ग्रीक. त्याच्या सर्वांत जुन्या प्रती सगळ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या. ग्रीक पोथ्यांसाठी लहान अक्षरांची लिपी रूढ झाली ती नवव्या शतकापासून. सगळीच अक्षरं मोठी असतील तर एकट्या देवाचं मोठं कसं करणार? गंमत म्हणजे त्या लेखनिकांकडे आदर दाखवायची वेगळी युक्ती होती. देव, प्रभू, येशू, ख्रिस्त हे शब्द ते संक्षेपात लिहीत आणि वर आडवी रेघ ओढत. पण ही रेघ नामांवर. सर्वनामांना त्यांनी हात लावला नाही.

१६११ च्या किंग जेम्स बायबलमध्येही देवाचा 'तो' साधाच आहे. तिथे कॅपिटलचा एक वापर मात्र फार हुशारीचा आहे. हिब्रूत देवाचं चार अक्षरी नाव जिथे येतं तिथे इंग्रजी 'लॉर्ड' हा अख्खा शब्द कॅपिटलमध्ये, आणि नुसता 'स्वामी' या अर्थाचा शब्द असेल तिथे फक्त पहिलं अक्षर. स्तोत्र ११० च्या पहिल्याच ओळीत हे दोन्ही शेजारी येतात. आपल्या मराठी बायबलात त्यासाठी सरळ दोन शब्द आहेत, 'परमेश्वर' आणि 'प्रभू'. म्हणजे इथलं कॅपिटल मुळात असलेला फरक वाचकापर्यंत पोचवतं.

सर्वनामांचं तसं नाही. रॉबर्ट यंगच्या १८६२ च्या शब्दशः भाषांतरात देवाचा 'तो' कॅपिटल झालेला दिसतो. विसाव्या शतकात न्यू अमेरिकन स्टँडर्ड (१९७१) आणि न्यू किंग जेम्स (१९८२) यांनी ही रीत पाळली. न्यू इंटरनॅशनल (१९७८) आणि इंग्लिश स्टँडर्ड (२००१) यांनी पाळली नाही. होल्मन बायबलने २००४ मध्ये घेतली आणि २०१७ च्या सुधारित आवृत्तीत सोडून दिली.

आता का सोडावी? आदर दाखवला तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते असं. एकदा नियम केला की प्रत्येक 'तो' पाशी थांबून ठरवावं लागतं, हा देव की माणूस? उत्पत्तीच्या ३२ व्या अध्यायात याकोब रात्रभर एका पुरुषाशी झुंजतो. तो कोण, हे कथा मुद्दाम उलगडत नाही. न्यू किंग जेम्समध्ये तो 'पुरुष' कॅपिटल, न्यू अमेरिकन स्टँडर्डमध्ये साधा. म्हणजे कॅपिटल पाळणाऱ्यांतच एकमत नाही! योहानाच्या नवव्या अध्यायात परूशी येशूला पापी म्हणतात, तेही न्यू किंग जेम्समध्ये 'हा माणूस' कॅपिटल करून. शिवी देणाऱ्याच्याच तोंडी आदर घातला.

पण सगळ्यात मोठा प्रश्न यशया ५३ चा. तिथे दुःख सोसणारा एक सेवक आहे. ख्रिस्ती परंपरा म्हणते, हा येशू. अकराव्या शतकातला ज्यू भाष्यकार राशी म्हणतो, हा इस्राएल, म्हणजे आख्खा समाज. शतकानुशतकं चाललेला वाद. न्यू किंग जेम्स तिथे सर्वनाम कॅपिटल करतं आणि वाद निकालात निघतो. तळटीप नाही, चर्चा नाही, वाचकाला पत्ताही नाही.

आणि बायबलातच, प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात, इथिओपियाचा एक दरबारी अधिकारी रथात बसून नेमका हाच उतारा वाचत असतो. तो फिलिप्पाला विचारतो, संदेष्टा हे कोणाविषयी बोलतोय? स्वतःविषयी, की दुसऱ्या कोणाविषयी? फिलिप्प त्या उताऱ्यापासून सुरुवात करून त्याला येशूची गोष्ट सांगतो. त्या अधिकाऱ्याच्या हातात कॅपिटलवाली प्रत असती तर प्रश्नच पडला नसता. आणि प्रश्न पडला नसता तर पुढचं संभाषणही झालं नसतं.

मराठी बायबलात देवाला 'तो' आणि 'तू'च म्हटलंय. आपल्याला त्यात अनादर वाटत नाही. विठोबाला 'अहो-जाहो' करणारा वारकरी कोणी पाहिलाय? जवळीक हाही आदराचाच प्रकार.

आमच्या धंद्यात एका स्वरूपातला डेटा दुसऱ्यात नेताना दोन गोष्टींची भीती असते: मुळातलं काही गळणं, आणि मुळात नसलेलं काही घुसणं. गळालेलं निदान कधीतरी कुणी शोधतो. घुसलेलं मात्र मूळच समजलं जातं. भाष्य करायला हरकत नाही. फिलिप्पानेही केलंच की. पण त्याने ते स्वतःच्या तोंडाने केलं, पोथीतलं अक्षर बदलून नाही.