रात्री आठ ते सकाळी दहा

ऑक्टोबर महिना, पुण्यातलं एक घर, पाचवीतली मुलगी. सकाळची शाळा असलेल्या कितीतरी घरांत जे घडतं, ते इथं एका मुलीच्या एका रात्रीत आणि सकाळीत गोळा केलं आहे. उद्या सकाळी दहा वाजता ती शाळेच्या मैदानावर कोसळणार आहे. तोवर चौदा तास आहेत, आणि या चौदा तासांत तिला सावरायची संधी एकदा नाही, अनेकदा येते.

रात्री ८:०० (उरले १४ तास)

वरण-भात, पोळ्या, भेंडीची भाजी, सगळं तयार आहे. पण बाबा साडेनऊला येतात आणि सगळ्यांनी एकत्र बसायचं ही घरची रीत. मुलीला भूक आत्ता लागली आहे. "आई, काहीतरी दे ना," म्हटल्यावर हातात वेफर्सचं पाकीट येतं, तेवढाच आधार म्हणून.

उद्याच्या नाश्त्याचं गणित इथंच बिघडतं. आठला जेवलेलं मूल सकाळी सहाला भुकेलं उठतं. दहाच्या सुमारास जेवून लगेच झोपलेल्या मुलाला सकाळी घास नकोसा होतो. एकत्र जेवणाचं मोल मोठं आहेच; पण सकाळची शाळा असेल तर मुलांनी आठला जेवावं, आणि बाबा आले की त्यांच्या पानाशेजारी गप्पा मारायला बसावं.

रात्री ९:४५ (उरले सव्वाबारा तास)

वेफर्समुळे भूक मेली आहे. अर्धी पोळी, दोन घास भात, की ताट सरकवलं. आई-बाबा दोघंही दमलेत. ओटा आवरला जातो, दिवा बंद होतो. उद्या सकाळी काय खायचं, हे कुणी ठरवलेलं नाही.

सकाळचा नाश्ता खरं तर याच वेळी होतो. एक वाटी मूगडाळ धुऊन भिजत घालायला दोन मिनिटं लागतात. सकाळी पाणी निथळून आलं, जिरं, मीठ आणि अर्धी मिरची घालून मिक्सरमधून काढायची, तव्यावर तेलाचं बोट फिरवून डावभर पीठ पसरायचं आणि झाकण ठेवायचं. कडा सुटून जाळी पडली की उलटायचं. घडी घालून हातात देता येणारं धिरडं तयार. तेवढाही वेळ नसेल तर रात्रीच दोन अंडी उकडून फ्रिजमध्ये ठेवावीत, किंवा उरलेल्या पोळ्या कुस्करून गूळ-तूप घालून लाडू वळावेत. पोहे निवडून ठेवले, शेंगदाणे भाजून ठेवले, तरी सकाळचं निम्मं काम उरकतं. हे काम आईचंच आहे असं कुठंही लिहिलेलं नाही. डाळ भिजत घालायला बाबांनाही येतं, आणि दहा वर्षांच्या मुलीलाही.

रात्री १०:५० (उरले अकरा तास दहा मिनिटं)

आता कुठं ती झोपते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. हिला जेमतेम सात मिळणार. गेल्या वर्षापर्यंत ती चौथीत होती आणि शाळा नऊला भरायची. महाराष्ट्र शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो मुलांच्या झोपेसाठीच. पाचवीत गेल्यावर त्याचा आधार सुटला. शाळा सात दहाची झाली, घरातल्या रात्रीच्या वेळा मात्र तशाच राहिल्या.

सकाळी ६:०० (उरले चार तास)

बाहेर अजून अंधार. पहिल्या हाकेला ती उठत नाही, तिसऱ्या हाकेला उठते. रात्रभर तिच्या यकृतानं साठवलेली साखर थोडी थोडी रक्तात सोडून मेंदू चालता ठेवला. मोठ्यांच्या मानानं मुलांचं यकृत लहान असतं आणि वजनाच्या हिशेबात मेंदूची भूक जास्त. म्हणून उपास मोठ्यांना जितका झेपतो तितका मुलांना झेपत नाही. ही शिल्लक आता आटत आली आहे, आणि रात्रीच्या अर्ध्या पोळीनं तिच्यात फारशी भर घातलेली नाही.

सकाळी ६:२५ (उरले तीन तास पस्तीस मिनिटं)

एका शेगडीवर डब्यासाठी झटपट नूडल्स, दुसरीवर दूध. बाबा मोजे शोधताहेत. "काही नको खाऊस, पण दूध तरी पिऊन जा." पेल्यावर साय धरली आहे. दोन घोट घेतल्यावर तिला मळमळतं. पेला तसाच राहतो.

झोपेतून उठल्या उठल्या पेलाभर गरम दूध अनेक मुलांना जात नाही. हा हट्ट नव्हे. आधी थोडं पाणी, दात घासणं, कपडे, वेणी, आणि मग पंधरा-वीस मिनिटांनी घास, हा क्रम त्यांना सोसतो. घासही लहान असावा: अर्धं केळं आणि राजगिऱ्याचा लाडू, किंवा एक धिरडं, किंवा उकडलेलं अंडं आणि पोळीची सुरळी. एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. दूध पिववत नसेल तर नाचणीचं सत्त्व ताकात शिजवून द्यावं; शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

चहा-बिस्किटं मात्र नकोत. मैदा आणि साखर तासा-दीड तासात जिरतात आणि मूल पुन्हा भुकेलं होतं. चहातलं टॅनिन तर अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयाच्या आढळल्या. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली जुनी सवय लोहाच्या बाबतीत अगदी योग्य आहे. आंबटातलं क जीवनसत्त्व ते शोषून घ्यायला मदत करतं.

सकाळी ६:४८ (उरले तीन तास बारा मिनिटं)

व्हॅनवाल्या काकांचा हॉर्न. एक बूट पायात, एक हातात. पोळीचा लाडू तयार असता तर या क्षणीही तो तिच्या हातात पडला असता आणि व्हॅनमध्ये खाऊन झाला असता.

सकाळी ८:३० (उरला दीड तास)

तिसरा तास गणिताचा. जांभया येताहेत, डोकं जड झालं आहे. बाई फळ्यावर अपूर्णांक सोडवताहेत, तिच्या वहीत दुसरीच ओळ अर्धवट आहे. "लक्ष कुठंय तुझं?" शाळेत उपाशी आलेली मुलं बऱ्याचदा आळशी म्हणून ओळखली जातात. बाईंनी "काय खाऊन आलीस?" असं विचारलं असतं, तर उरलेल्या दीड तासात खूप काही करता आलं असतं.

सकाळी ९:२० (उरली ४० मिनिटं)

मधली सुट्टी. डबा उघडला तर नूडल्स गार होऊन गोळा झालेल्या. दोन घास खाऊन झाकण बंद. पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली, कारण शाळेचं स्वच्छतागृह घाण असतं आणि तिथं जायला लागू नये म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. पालकांना ही गोष्ट फार उशिरा कळते. बाटली भरलेली परत येते आणि आपण तिलाच रागावतो.

डब्यात तीन तासांनी गार झाल्यावरही चांगलं लागेल तेच द्यावं: थालीपीठ, तिखटमिठाच्या पुऱ्या, इडली, दाण्याची चटणी लावलेली पोळी.

सकाळी ९:४० (उरली २० मिनिटं)

क्रीडामहोत्सवाची कवायत. पावसाळा सरलेला, ऑक्टोबरचं ऊन चढलेलं. रांगा सरळ होईपर्यंत सावधानमध्ये उभं राहायचं. तिला घाम फुटतो, कानात गुणगुण सुरू होते. सरांना सांगावं की नको, या विचारात काही मिनिटं जातात. चक्कर येतेय असं वाटताच खाली बसायचं, कुणाची परवानगी मागायची नाही, हे मुलांना घरीच शिकवून ठेवायला हवं.

सकाळी १०:००

डोळ्यांपुढं अंधारी येते आणि ती कोसळते. बराच वेळ ताठ उभं राहिल्यानं रक्त पायांत साचतं, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. धडधाकट मुलांना भोवळ येण्याचं हे नेहमीचं कारण. रिकामं पोट, पाण्याची तूट, अपुरी झोप आणि ऊन यांनी ती ओढवण्याची शक्यता वाढते. हिच्या बाबतीत चारही एकत्र आली.

अर्ध्या मिनिटात ती शुद्धीवर येते. सर तिला सावलीत आडवं करून पाय उंच धरतात आणि पूर्ण भानावर येईपर्यंत तोंडात काही घालत नाहीत. हे अगदी बरोबर. पण पडताना तोंड मैदानाच्या सिमेंटच्या कडेवर आपटलं आहे. समोरचा दात अर्धा तुटला आहे, आणि दहाव्या वर्षी समोरचे दात कायमचे असतात.

त्यानंतर

डॉक्टर दात पाहतील, रक्ततपासणी सांगतील. भोवळ पुन्हा पुन्हा येत असेल किंवा पळता पळता आली असेल, तर उपाशी होती म्हणून सोडून देऊ नये. हृदयाचीही तपासणी लागते.

घरानं जेवणाची वेळ बदलावी, नाश्ता रात्रीच ठरवावा. पण सगळा भार घरावर टाकून चालणार नाही. ज्या घरांत आई-वडील दोघंही पहाटे कामाला बाहेर पडतात, तिथं सहा वाजता धिरडं कोण घालणार? तमिळनाडूनं १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराईत सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांसाठी सकाळच्या नाश्त्याची योजना सुरू केली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ती राज्यभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत नेली. उपमा, खिचडी, पोंगल असं ताजं गरम अन्न वर्ग भरण्याआधी मिळतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सकाळच्या पौष्टिक नाश्त्याची शिफारस आहे. आपल्याकडं शाळेतल्या खिचडीची घडी बसलेली आहे. तिला सकाळच्या नाश्त्याची जोड द्यायला हवी.

तोवर पुढच्या पालकसभेत तीन मागण्या मांडता येतील: पहिली सुट्टी साडेआठला, रोज धुतलेली स्वच्छतागृहं, आणि कवायतीआधी प्रत्येक मुलाला पाणी.