गाथांच्या आधाराने : आइसलँडच्या आउसात्रू मंडळाची वाटचाल

युरोपातले जुने बहुदेवतापूजक धर्म राजसत्तेच्या बळावर मोडले गेले, असे आपण सरसकट म्हणतो. आइसलँडमध्ये मात्र हा निर्णय भर सभेत झाला. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यतः नॉर्वेहून आलेल्या वसाहतकऱ्यांनी ओदिन, थोर, फ्रेया ही आपली दैवते बरोबर आणली होती. 930 मध्ये त्यांनी थिंगवेलिर येथे आल्थिंग ही लोकसभा स्थापन केली. 1000 च्या सुमारास धर्मावरून सभेत दोन तट पडले; नॉर्वेच्या राजाचा दबावही होताच. निवाडा थोरगेर या विधिप्रमुखाकडे सोपवला गेला. तो स्वतः जुन्या धर्माचा. एक दिवस आणि एक रात्र तो अंगावर पांघरूण ओढून पडून राहिला. उठल्यावर त्याने सांगितले की कायदा दुभंगला तर शांतताही दुभंगेल. म्हणून सर्वांनी ख्रिस्ती व्हावे. घरात गुपचूप बळी देण्याची आणि घोड्याचे मांस खाण्याची मुभा राहिली, पण काही वर्षांत तीही संपली. ही हकीकत आपल्यापर्यंत पोहोचली ती आरी थोरगिल्सन या बाराव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मगुरूच्या लेखणीतून.

उपासना संपली, पण कथा उरल्या. 1220 च्या सुमारास स्नोरी स्तुर्लुसन या ख्रिस्ती सरदाराने एड्डा हा ग्रंथ रचला. देवांच्या कथा माहीत नसतील तर जुन्या कवितेतल्या उपमा कळणार नाहीत, ही त्याची तळमळ होती. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोणा अनामिक लेखनिकाने देवांची आणि वीरांची काव्ये एका पोथीत उतरवली. ही पोथी 1662 मध्ये एका बिशपने डेन्मार्कच्या राजाला भेट दिली. तीन शतकांनी, 21 एप्रिल 1971 रोजी, ती जहाजाने रेक्याविकला परत आली, तेव्हा तिच्या स्वागताला बंदरावर प्रचंड गर्दी लोटली होती.

पुढच्याच वर्षी, 20 एप्रिल 1972 रोजी, त्या जुन्या दैवतांची उपासना पुन्हा सुरू करणाऱ्या आउसात्रू मंडळाची स्थापना झाली. आइसलँडच्या पंचांगात तो उन्हाळ्याचा पहिला दिवस. जमलेले लोक मूठभर होते. त्यांचे प्रमुख स्वेनब्योर्न बेन्तेनसन हे मेंढपाळ शेतकरी आणि कवी. जुन्या छंदांवर त्यांची हुकमत होती आणि पारंपरिक कथाकाव्ये चालीवर म्हणण्यात त्यांचा हातखंडा होता. मंडळाने त्यांना ‘आल्शेरयारगोदी’, म्हणजे सर्वांचा पुरोहित, हे पद दिले.

त्याच वर्षी नाताळच्या तोंडावर स्वेनब्योर्न आणि त्यांचे सहकारी धर्मखात्याच्या मंत्र्यांना भेटायला गेले. 1874 च्या राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य दिले होते. त्याच आधारावर त्यांनी मान्यता मागितली. देशाच्या बिशपांनी विरोध केला, तरीही मे 1973 मध्ये नोंदणी मिळाली. ही मान्यता कागदापुरती नव्हती. मंडळाच्या पुरोहिताने लावलेले लग्न कायदेशीर ठरू लागले आणि धर्मसंस्थांना सरकारमार्फत मिळणाऱ्या निधीत सभासदसंख्येनुसार वाटा मिळू लागला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये स्वेनब्योर्न यांच्या शेतावर, भर पावसात, पहिले जाहीर ‘ब्लोत’ झाले. पूर्वी ब्लोत म्हणजे बळी. मंडळाच्या ब्लोतमध्ये मात्र पशुबळी नसतो. काव्यपठण होते, शिंगातून पेय अर्पण केले जाते आणि मग सारे पंगतीला बसतात.

पहिली कित्येक वर्षे सभासद शंभराच्या आतच राहिले. मंडळाने कोणाच्या दारी जाऊन प्रचार केला नाही. डिसेंबर 1993 मध्ये स्वेनब्योर्न गेले. त्यांच्यानंतर संस्थापकांपैकीच योरमुंदुर इंगी हान्सेन यांनी धुरा घेतली. त्यांच्या काळात, 1999 मध्ये, मंडळाला रेक्याविकमध्ये स्वतःची दफनभूमी मिळाली. 2002 ते 2003 या काळात योनीना क्रिस्तीन बेर्ग यांनी हंगामी जबाबदारी सांभाळली. 2003 मध्ये संगीतकार हिल्मार ओर्न हिल्मारसन प्रमुख झाले आणि मंडळ झपाट्याने वाढले. पन्नाशी गाठताना सभासदसंख्या पाच हजारांच्या पुढे गेली होती. पावणेचार लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात हा आकडा लहान नाही. ख्रिस्तीतर धर्मसंस्थांमध्ये आज हे मंडळ सर्वांत मोठे आहे.

या वाढीचे कारण मला मंडळाच्या प्रामाणिकपणात दिसते. आमची परंपरा अखंड आहे, असा दावा ते करत नाही. मधल्या शतकांची पोकळी ते मान्य करते. आठ पायांच्या घोड्यावर बसलेला एकाक्ष देव खरोखर आहे, असे आम्ही मानत नाही, या कथा आम्हाला निसर्गशक्तींची आणि मानवी मनाची काव्यमय रूपे वाटतात, असे हिल्मारसन यांनी उघडपणे सांगितले आहे. प्राचीन जर्मानिक दैवते वंशश्रेष्ठत्वाच्या राजकारणासाठी विसाव्या शतकात किती क्रूरपणे वापरली गेली, हे जगाने पाहिले. मंडळाने त्या राजकारणाशी कसलेही नाते ठेवलेले नाही. समलिंगी जोडप्यांची लग्ने लावण्यास त्याने पाठिंबा दिला, तेव्हा परदेशातल्या कट्टर नवपेगनांकडून द्वेषपत्रे आली. तरी मंडळ मागे हटले नाही.

मंडळाच्या स्वतःच्या देवालयाचे काम मात्र रखडत गेले. रेक्याविकमधल्या ओस्क्युह्लीद टेकडीवर शहराने जागा दिली. 20 मार्च 2015 रोजी, सूर्यग्रहणाच्या वेळी, विधिपूर्वक कामाचा आरंभ झाला. घुमटाकार, टेकडीच्या खडकात रुजलेली वास्तू हा संकल्प होता. पण खर्च आणि अडचणी वाढल्या आणि ठरलेली मुदत कधीच उलटली.

धर्मांच्या इतिहासात विजय आणि पराभव एवढेच नसते, हे या वाटचालीतून कळते. जिंकलेल्या धर्माच्या माणसांनी हरलेल्या धर्माच्या कथा जपल्या, म्हणून साडेनऊशे वर्षांनी त्यांना पुन्हा उपासक लाभले. आणि त्या उपासकांनी वाडवडिलांचा बळी परत आणला नाही, काव्य परत आणले. वारशातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे विचारपूर्वक ठरवणाऱ्या या मंडळाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आपापल्या परंपरेकडे पाहताना तेवढाच विवेक आपल्यालाही लागणार आहे.