श्रीरामपूरची सनद

श्रीरामपूर हे नाव ऐकताच आपल्यापैकी बहुतेकांस अहिल्यानगर जिल्ह्यातील गाव आठवेल. प्रस्तुत लेखात ज्याची हकीकत सांगावयाची आहे ते श्रीरामपूर मात्र बंगालमधील, कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीच्या पश्चिम तीरावर वसलेले आहे. इंग्रज लोक त्यास सेरामपूर म्हणत. ख्रिस्ती धर्मशास्त्राची पदवी देण्याचा राजमान्य अधिकार या गावच्या महाविद्यालयास १८२७ सालीच मिळाला. परंतु तो प्रत्यक्षात येण्यास ८८ वर्षे लागली. असे का व्हावे, हा प्रश्न कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या चालकांनी मनन करण्याजोगा आहे.

या महाविद्यालयाचे संस्थापक विल्यम केरी (१७६१–१८३४) हे इंग्लंडातील एक जोडे शिवणारे कारागीर होत. महाविद्यालयाची पायरी चढण्याचे भाग्य त्यांस लाभले नव्हते. लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा त्यांनी स्वकष्टाने हस्तगत केल्या. १७९३ साली ते बंगालमध्ये आले. कंपनी सरकार आपल्या मुलखात मिशनऱ्यांस थारा देत नसे, म्हणून १८०० साली त्यांनी डॅनिश अंमलाखालील श्रीरामपूर गाठले. तेथे जोशुआ मार्शमन हे शाळामास्तर व विल्यम वॉर्ड हे मुद्रक त्यांचे सहकारी झाले. मराठी वाचकांवर तर केरींचे विशेष ऋण आहे. वैजनाथ शर्मा या पंडितांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली मोडी ठशांत मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला.

१८१८ साली या तिघांनी महाविद्यालय स्थापन केले. या देशातील ख्रिस्ती मंडळीचा उपदेशक याच देशातील असावा, व त्यास संस्कृत भाषा, येथील दर्शने आणि पाश्चात्त्य विज्ञान यांचे ज्ञान असावे, अशी त्यांची दृष्टी होती. महाविद्यालयाचे दार ख्रिस्तेतरांसही उघडे होते. जात, वर्ण अथवा देश यांवरून कोणासही प्रवेश नाकारू नये, असा नियमच १८३३ साली नियमावलीत नमूद झाला. त्या काळी असा नियम लिहिण्यास धैर्य लागत होते, हे आपण विसरू नये.

मार्शमन यांनी स्वतः कोपनहेगनला जाऊन डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक यांची भेट घेतली. २३ फेब्रुवारी १८२७ रोजी राजेसाहेबांनी सनद दिली व तिच्या योगे कोपनहेगन आणि कील येथील विद्यापीठांप्रमाणे पदव्या देण्याचा अधिकार या महाविद्यालयास प्राप्त झाला. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ ची, म्हणजे त्यानंतर ३० वर्षांनी निघालेली. १८४५ साली डेन्मार्कने श्रीरामपूर इंग्रजांस विकले, तेव्हाही महाविद्यालयाचे हक्क तहात राखून ठेवण्यात आले.

कागद असा भक्कम होता. परंतु त्यामागची माणसे गेली. वॉर्ड १८२३ साली, केरी १८३४ साली व मार्शमन १८३७ साली निवर्तले. द्रव्याची चणचण कायमचीच होती. पुढे कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीकडे विद्यार्थ्यांचा ओढा वळला, आणि सनद पेटीतच राहिली.

विसाव्या शतकाच्या आरंभी प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनी ती पेटी पुन्हा उघडली. उच्च धर्मशास्त्राचे वर्ग सुरू झाले आणि १९१५ साली पहिल्या तीन विद्यार्थ्यांस बी. डी. ही पदवी मिळाली. १९१८ साली बंगालच्या विधिमंडळाने कायदा केला. त्यान्वये निरनिराळ्या पंथांचे प्रतिनिधी असलेल्या सिनेटकडे पदव्यांचा कारभार आला. एका पंथाच्या माणसांनी मिळविलेला हक्क असा सर्वांच्या उपयोगी पडला.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. जुना व नवा करार, मंडळीचा इतिहास, ईश्वरविज्ञान, इतर धर्मांचा परिचय व प्रत्यक्ष मंडळीतील सेवा, असा या पदवीचा अभ्यासक्रम असतो. परंतु पदवी मिळाली म्हणजे कोणी पाळक होत नाही. पदवी सिनेट देते, दीक्षा मंडळी देते. उमेदवाराचे शील व सेवाभाव पारखून, वडीलधाऱ्यांनी त्याच्या मस्तकी हात ठेवून प्रार्थना केल्यावरच त्यास दीक्षा प्राप्त होते. विद्या व वृत्ती यांची परीक्षा निरनिराळी असते, हे तत्त्व आम्हां शिक्षकांसही मान्य व्हावे.

या परंपरेची शाखा महाराष्ट्रातही आहे. १९५३ साली यवतमाळ येथे सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्यास आली. तेथील विद्यार्थ्यांस श्रीरामपूरच्या सिनेटची पदवी मिळते.

असो. आपल्यासारख्या प्रत्येक संस्थेस घटना असते, नोंदणी असते, शिक्का असतो. हे सर्व जतन करावेच. परंतु शिकविणारा व शिकणारा हे दोघे समोरासमोर बसल्यावाचून सनदेतील अक्षरांस जीव येत नाही. पहिल्या पिढीने मिळविलेला अधिकार पुढच्या पिढीने वेळीच कामी लावला नाही, तर ८८ वर्षे पाहता पाहता निघून जातात, हाच श्रीरामपूरच्या सनदेचा बोध होय.