सीताबर्डीच्या पोटातले तळे

#थ्रेड #इतिहास #विदर्भ

नागपूरच्या सीताबर्डी टेकडीचे नाव निघाले की नोव्हेंबर १८१७ मधील भोसले आणि इंग्रज यांची लढाई आठवते. त्या टेकडीचा दुसरा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तो बारकाईने वाचू पाहणाऱ्या माणसाचा जन्मही योगायोगाने १८१७ सालचाच. त्याचे नाव स्टीफन हिस्लॉप.

हे नाव नागपूरकरांना १८८३ साली स्थापन झालेल्या हिस्लॉप कॉलेजमुळे ठाऊक आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून ते १८४५ मध्ये नागपूरला आले. दोन वर्षांनी रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी येऊन मिळाले. दोघांचा पेशा धर्मप्रचाराचा आणि शाळा चालवण्याचा. भूविज्ञान हा त्यांच्या फिरण्यातून जडलेला छंद होता.

तेव्हा नागपूरवर तिसऱ्या रघुजी भोसल्यांचे राज्य होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाची स्थापना कलकत्त्यात १८५१ साली झाली आणि त्याचे पहिले लक्ष कोळशाकडे होते. त्यामुळे नागपूरच्या आसपासचे खडक सरकारी तज्ज्ञांनी पाहण्यापूर्वीच या दोन हौशी माणसांच्या हातोडीखाली आले.

१८५१च्या सुमारास त्यांना एक विसंगती जाणवू लागली. दख्खनचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. उकळत्या शिलारसात जीवाश्म असण्याचे कारण नाही. तरीही नागपूरच्या परिसरात या काळ्या दगडाच्या संगतीने गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख सापडत होते. अशाच शंखांची नोंद मद्रास सैन्यातील शल्यचिकित्सक जे. जी. माल्कमसन यांनी १८३०च्या दशकात केली होती, पण ती दक्षिणेकडील डोंगररांगांतून. येथे ते थेट शहराच्या वेशीवर होते.

याचे उत्तर सीताबर्डीच्या कड्यात दिसते. वर बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला बेसाल्ट, खाली गोळ्यागोळ्यांनी झिजणारा बेसाल्ट आणि या दोहोंच्या मध्ये गाळाचा एक पातळ पट्टा. तो पट्टा म्हणजे एका तळ्याचा तळ होय. लाव्हाचे लोट अखंड वाहिले नाहीत. दोन उद्रेकांच्या मध्ये दीर्घ विसावे होते. त्या काळात खळग्यांत पाणी साठले, काठाला झाडे वाढली, पाण्यात गोगलगायी नांदल्या. पुढचा लोट आला आणि सारे झाकले गेले. झिरपणाऱ्या पाण्यातील सिलिकेने फळे, बिया आणि लाकूड यांचा कण न् कण गारगोटीसारखा कठीण करून ठेवला.

शहराच्या वायव्येस असलेली टाकळी हे या दोघांचे सर्वांत मोठे भांडार. शंख, फळे, बिया, भुंगेऱ्यांच्या पंखांची कवचे असे पुष्कळ काही नागपूरच्या या थरांनी दिले. त्यांतील कीटकांवर अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये स्वतंत्र टिपण लिहिले. आज टाकळी नागपूरच्या वाढत्या वस्तीत सामावली आहे.

(जीवाश्म उचलून घरी आणणे आपल्याकडे नवे नव्हते. देव्हाऱ्यातला शाळिग्राम हा बहुधा गंडकीच्या पात्रातला अमोनाइट, म्हणजे प्राचीन समुद्रातल्या शंखधारी जीवाचा अश्म असतो. मात्र शाळिग्राम पूजेसाठी येतो. तो कोणत्या थरातून निखळला, हे विचारण्याचे पूजकाला कारण पडत नाही. हिस्लॉप-हंटर यांचा सारा भर नेमक्या त्या प्रश्नावर होता.)

लाव्हाच्या प्रदेशाबाहेरही त्यांची भटकंती चालूच होती. कामठी-सिलेवाडा भागातील वालुकाश्मात त्यांना ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीची जिभेच्या आकाराची पाने मिळाली. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथील लाल खडकातून एका प्राचीन उभयचराची चपटी कवटी मिळाली. ती लंडनला गेली. ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारे रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन करून ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असे नाव दिले. वनस्पतींचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये केले.

येथे एक गोष्ट खटकते आणि ती खटकली पाहिजे. दगड नागपूरचे, नावे ठेवणारे लंडनचे. हिस्लॉप यांच्या नावाने एक खनिज ओळखले गेले (ते स्वतंत्र खनिज म्हणून टिकले नाही) आणि नागपूरच्या तळ्यांतील एका सूक्ष्म जलचरालाही १८५८ साली ‘हिस्लोपिया’ हे नाव मिळाले. मांगली गावही एका चिमुकल्या शिंपलाधारी जीवाच्या नावात, ‘मांगलिएन्सिस’ म्हणून, जाऊन बसले. ज्या मजुरांनी खाणी खणून थर उघडे केले, त्यांच्या वाट्याला असे काही आले नाही. ब्रॅकिऑप्सची ती कवटी आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. मांगलीच्या माणसाला ती पाहायची तर समुद्र ओलांडावा लागेल.

तरीही हिस्लॉप यांना केवळ ‘दगड गोळा करून पाठवणारा पाद्री’ म्हणणे अन्यायाचे होईल. जून १८५४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरचा त्यांचा आणि हंटर यांचा संयुक्त निबंध वाचला गेला. तोवर भोसल्यांचे राज्य खालसा झाले होते. निबंधाचे खरे मोल जीवाश्मांच्या यादीत नसून नोंदीत आहे. कोणते गाव, कोणता थर, त्याच्या वर काय, त्याच्या खाली काय, हे त्यात लिहिलेले आहे.

ही नोंद किती महत्त्वाची, हे त्यांच्याच एका चुकीवरून कळते. दोघांची समजूत अशी होती की तळ्यातल्या गाळाच्या खाली दिसणारा बेसाल्ट मागाहून खालून घुसला आणि त्याने गाळ उचलून धरला. म्हणजे आधी एक विस्तीर्ण जलाशय आणि मग सगळा लाव्हा. सर्वेक्षण विभागाचे विल्यम ब्लॅनफर्ड यांनी पुढे हे मत खोडून काढले. खालचा लोट आधीचा, तळे त्यानंतरचे, वरचा लोट सर्वांत शेवटचा, आणि अशी तळीही अनेक, निरनिराळ्या काळांतली. मत पडले, पण थरांचे वर्णन कामाचे राहिले. जागा नोंदलेली असेल तर शंभर वर्षांनीही कोणी तेथे जाऊन वेगळा निष्कर्ष काढू शकतो. जागा हरवलेला जीवाश्म कपाटातली शोभेची वस्तू होतो.

याच्या उलट अनुभव पिसदुऱ्याने दिला. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचे हे गाव. येथील मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे हिस्लॉप यांच्या पत्रांतून भूवैज्ञानिकांना कळली. रिचर्ड लायडेकर यांनी १८७९ साली येथील अवशेषांवरून टायटॅनोसॉरसची एक जाती वर्णिली. पण पिसदुऱ्याची हाडे बहुतांशी कड्यात रुतलेली नसून शेतांत विखुरलेली मिळतात. पावसाने धुतलेली, नांगराने वर आलेली. त्यामुळे ती मुळात कोणत्या पातळीवरची, हे ठरवणे सीताबर्डीइतके सोपे नव्हते. या हाडांबरोबर तेथे दगडाचे काही विचित्र गोळेही मुबलक सापडत. ते डायनोसॉरांच्या विष्ठेचे जीवाश्म होते.

हंटर प्रकृतीच्या कारणाने १८५५ मध्ये मायदेशी परतले. हिस्लॉप रजेवर जाऊन पुन्हा नागपूरला आले. आता त्यांचे कुतूहल दगडांकडून माणसांकडे वळले होते. गोंडांची भाषा, गीते, चालीरीती आणि विदर्भातील शिलावर्तुळे, म्हणजे मोठमोठे दगड गोलाकार मांडून केलेली प्राचीन दफनस्थळे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते मध्य प्रांताचे तत्कालीन प्रशासक रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत टाकळघाटची अशी वर्तुळे पाहण्यास गेले. टेंपल पुढे निघून आले. मागे राहिलेले हिस्लॉप सायंकाळी घोड्यावरून परतत असता पुराने फुगलेल्या ओढ्यात बुडाले. वय ४५.

त्यांच्या मागे राहिलेली गोंडांविषयीची हस्तलिखिते टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून छापली. टाकळघाट-खापा येथे पुढे शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. कामठीच्या खडकांतली ती जिभेसारखी पाने दक्षिणेकडील इतर भूखंडांतही आढळली, आणि ऑस्ट्रियाचे एडुआर्ड झ्यूस यांनी या भूखंडांच्या प्राचीन जोडणीला ‘गोंडवनालँड’ म्हटले. गोंडांच्या मुलखाचे नाव असे जगाच्या नकाशावर गेले.

आणि पिसदुऱ्याचे ते गोळे? २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. गोळ्यांत त्यांना वनस्पतींच्या पेशींत साठणाऱ्या सिलिकेचे सूक्ष्म कण मिळाले आणि त्यांतले काही गवताचे होते. तोवर सर्वसाधारण समजूत अशी की गवत डायनोसॉर संपल्यानंतर आले. वरोऱ्याच्या शेतांतून वेचलेल्या विष्ठेने दाखवून दिले की विदर्भातले डायनोसॉर गवत खात होते, आणि त्या गवतात आजच्या भाताच्या दूरच्या नातलगांचाही समावेश होता.