मत द्यायचं वय १८, पण लोकशाहीचा सराव कधी करायचा? युरोपातल्या युवा कार्यशाळा आणि येडगावची ग्रामसभा

नागरिकशास्त्राच्या पेपरात ग्रामसभेवर दोन मार्कांचा प्रश्न येतो. उत्तर पाठ असतं, मार्कही मिळतात. पण गावातल्या ग्रामसभेला गेलेली तरुण मुलं किती सापडतील? पुस्तक आणि ग्रामसभा यांच्यातलं हे अंतर कमी करण्यासाठी युरोपात काही दशकांपासून एक मार्ग वापरला जातोय. त्याचा येडगावसारख्या गावाला काय उपयोग, ते समजून घेऊ.

युरोपात काय करतात?

तिथे शाळेबाहेर, पण नीट आखलेल्या कार्यशाळा होतात. परीक्षा नाही, मार्क नाहीत. मुलांचे गट पाडतात आणि कुणी मंत्री होतं, कुणी शेतकरी, कुणी पर्यावरण कार्यकर्ता. वाद घालून शेवटी सगळ्यांना एका ठरावापर्यंत यावं लागतं. 'युरोपियन युथ पार्लमेंट' हा उपक्रम १९८७ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाला. स्ट्रासबर्ग शहरात तर युवा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी १९७२ पासून स्वतंत्र केंद्र आहे.

मतदानाचं वयही काही देशांनी कमी केलं. २०२४ च्या युरोपीय संसद निवडणुकीत ऑस्ट्रिया, माल्टा, जर्मनी आणि बेल्जियममध्ये १६ व्या वर्षी, तर ग्रीसमध्ये १७ व्या वर्षी मत देता आलं.

मग प्रश्न सुटला का?

नाही. मतदानानंतरच्या सर्वेक्षणानुसार २०१९ मध्ये २५ वर्षांखालच्या सुमारे ४२ टक्के मतदारांनी मत दिलं होतं. २०२४ मध्ये हा आकडा ३६ टक्क्यांवर आला. म्हणजे कार्यशाळा घेतल्या, वय कमी केलं, तरी तरुण आपोआप येत नाहीत. आपण बोललेल्याचं पुढे काय झालं, हे त्यांना दिसावं लागतं.

आपल्याकडे काय सोय आहे?

इथे आपली बाजू भक्कम आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक दर्जा मिळाला. गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. निवडून यावं लागत नाही. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे तरुण घरी बसले तरी निर्णय व्हायचे ते होतातच, फक्त मोजक्या लोकांत.

येडगावात कार्यशाळा घेतली तर?

जुन्नर तालुक्यातलं येडगाव कुकडी नदीवरच्या धरणामुळे ओळखलं जातं. कुकडीचा डावा कालवा इथूनच निघतो आणि पाणी पार अहिल्यानगर, सोलापूर जिल्ह्यांपर्यंत जातं. याच पट्ट्यात उसाच्या शेतात बिबट्याची भीती आहे. त्यामुळे रात्रीऐवजी दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची जुनी मागणी.

समजा, १६ ते २१ वयाच्या मुलामुलींना एकच काम दिलं: कोणता प्रश्न कुणाच्या हातात आहे ते शोधा.

- वस्तीवरचा पथदिवा: ग्रामपंचायत
- बिबट्यासाठी पिंजरा: वनविभाग
- शेतीला दिवसा वीज: महावितरण
- कालव्याचं आवर्तन: जलसंपदा विभाग आणि कालवा सल्लागार समिती

म्हणजे पहिला निर्णय गावातच होऊ शकतो. बाकी तिघांकडे ग्रामसभेचा ठराव पाठवता येतो. 'गावात काही होत नाही' या तक्रारीतून 'कुठे, काय मागायचं' इथपर्यंत मुलं दोन तासांत येऊ शकतात.

असं कुठे झालंय का?

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने हे करून दाखवलं. तिथे लोक अभ्यास गटात बसून एखादा विषय समजून घेतात आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेतात. २००९ मध्ये या गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले. देशात असे हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. अभ्यास आणि निर्णय यांची जोडी कशी जमते, याचं हे उदाहरण आहे.

वय १८ पेक्षा कमी असेल तर?

ग्रामसभेत मत देता येत नाही. पण गावाचा विकास आराखडा करताना बालसभा घेऊन मुलांच्या सूचना त्यात आणता येतात. कार्यशाळेतली मागणी लिहून ग्रामपंचायतीत देता येते आणि तिची पोच घेता येते.

पुढच्या ग्रामसभेआधी काय करायचं?

- मतदार यादीत आपलं नाव आहे का, ते पाहा.
- 'ई-ग्रामस्वराज' संकेतस्थळावर गावाचा आराखडा वाचा.
- एकच विषय निवडा आणि लेखी द्या.
- सभेत तो इतिवृत्तात नोंदवला गेला का, हे विचारा.
- पुढच्या सभेत मागच्या ठरावाचं काय झालं, ते विचारा.

यातला शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. तो विचारणारं कुणी असेल, तर ठराव वहीत पडून राहणं अवघड होतं.