मेंदूदान म्हणजे काय? जिवंतपणी न उमगलेला आजार मृत्यूनंतर कसा कळतो?

नेत्रदान सगळ्यांना माहीत आहे, देहदानाचे फॉर्म भरणारेही आपल्याकडे कमी नाहीत. मेंदूदान हा शब्द मात्र क्वचितच कानावर पडतो. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश आणि पार्किन्सन म्हणजे कंपवात, या आजारांबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं बरंचसं अशा मेंदूंमधूनच कळलंय.

सुरुवात झाली जर्मनीत. १९०१ साली ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली. विसरणं, भलते संशय, स्वतःचं नाव लिहिताना अडखळणं. १९०६ मध्ये ती गेली आणि डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींबाहेर प्रथिनांचे साठे आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. आजही अल्झायमरची हीच खूण मानतात.

पण मेंदू तपासायला मृत्यूपर्यंत का थांबायचं? स्कॅन आहेत, रक्ताच्या नव्या चाचण्याही आल्यात. तरी पेशींमध्ये नेमकं काय साचलंय याचा पक्का निकाल मेंदूच्या ऊतीतूनच मिळतो, आणि यकृतासारखा मेंदूचा तुकडा सहज काढून बघता येत नाही.

डॉक्टरांचा अंदाज किती चुकू शकतो? लंडनच्या ब्रेन बँकेतला १९९२ चा अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. तज्ज्ञांनी पार्किन्सन म्हणून निदान केलेल्या १०० जणांचे मेंदू तपासले, तर तो आजार ७६ जणांतच निघाला. बाकीच्यांत काहींना पीएसपी होता (यात रुग्ण वारंवार तोल जाऊन पडतो, नजर खाली नेणं जड जातं), काहींना एमएसए, तर काहींना चक्क अल्झायमर!

हा फरक निव्वळ नावाचा नाही. पीएसपीमध्ये पार्किन्सनच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. लेवी बॉडी डिमेन्शियाच्या रुग्णाला भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं, तर ते जिवावरही बेतू शकतं.

ब्रेन बँकेत वेळ फार महत्त्वाची. मृत्यूनंतर काही तासांत मेंदू काढावा लागतो. सहसा अर्धा भाग फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, अर्धा उणे ८० अंशांवर गोठवतात. काही गोष्टी तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मध्यमेंदूत एक काळी पट्टी असते, डोपामाइन बनवणाऱ्या पेशींची. पार्किन्सनमध्ये ती फिकट पडलेली असते.

निरोगी माणसांचे मेंदूही तितकेच हवे असतात, नाहीतर तुलना कशाशी करणार? अमेरिकेतल्या ६७८ जोगिणींच्या अभ्यासात तर कोडंच समोर आलं. काहींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर, पण जिवंतपणी स्मरणशक्ती शाबूत! असं का होतं, यावर अजून संशोधन चालू आहे.

भारतात बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून अशी मेंदूपेढी आहे. मेंदू काढताना कवटीच्या मागच्या बाजूने छेद घेतात, त्यामुळे चेहरा विद्रूप होत नाही आणि अंत्यसंस्कार नेहमीसारखे करता येतात. देहदानाच्या फॉर्ममध्ये मेंदूदान आपोआप धरलं जात नाही, त्याची वेगळी चौकशी करावी लागते. शिवाय ऐनवेळी फोन करणार घरचेच, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं.