सीमेवरचा रुग्ण आणि दोन महिन्यांची संशोधनवृत्ती

महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ डिसेंबर २०२२ रोजी सीमाभागातील ८६५ गावांविषयीचा ठराव एकमताने संमत केला. त्यानंतर काही महिन्यांतच महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना याच गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. बेळगाव, कारवार, कलबुर्गी आणि बिदर या चार जिल्ह्यांत ही गावे विखुरलेली आहेत. कर्नाटकच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी या निर्णयाला तीव्र हरकत घेतली. सीमाप्रश्नाचा मूळ दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असल्यामुळे प्रत्येक निर्णयाला राजकीय अर्थ चिकटतो, तसा याही निर्णयाला चिकटला. वर्तमानपत्रांतील मथळे काही दिवस त्यावरच चालले. भालकी किंवा औराद तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या छातीत मध्यरात्री कळ आली, तर त्याच्या मुलाने गाडी कोणत्या दिशेला वळवावी आणि रुग्णालयाच्या खिडकीवर कोणते कार्ड ठेवावे, हा प्रश्न मात्र मथळ्यांच्या खालीच राहिला.

अशा प्रश्नाचे उत्तर भाषणांत सापडत नाही. त्यासाठी रुग्णालयाच्या नोंदवह्या चाळाव्या लागतात, घरोघर जाऊन विचारपूस करावी लागते आणि मिळालेले आकडे नीट मांडावे लागतात. या कामाला आरोग्यसेवा संशोधन म्हणतात. औषध शोधून काढणे हे प्रयोगशाळेचे काम. ते औषध रुग्णापर्यंत पोहोचते का, किती दिवसांत पोहोचते, त्यासाठी त्याची किती मजुरी बुडते आणि तो उपचार अर्धवट का सोडतो, हे पाहणे आरोग्यसेवा संशोधकाचे काम. या शाखेला महागडी यंत्रसामग्री लागत नाही. म्हणूनच विद्यार्थिदशेत अथवा संशोधनाच्या पहिल्या पायरीवर असलेल्यांना ती जवळची ठरू शकते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजेच आयसीएमआर, १९७९ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन विद्यार्थीवृत्ती चालविते. ‘एसटीएस’ या आद्याक्षरांनीच ती महाविद्यालयांत ओळखली जाते. एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्याने आंतरवासिता सुरू होण्यापूर्वी स्वतःच्याच महाविद्यालयातील पूर्णवेळ अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांत एक छोटा अभ्यास पूर्ण करावा, असे तिचे स्वरूप आहे. विद्यावेतनाची रक्कम दीर्घकाळ महिना १०,००० रुपये होती. अलीकडे ती दोन महिन्यांसाठी एकूण ५०,००० रुपये करण्यात आली. पैसे हाती पडतात ते मात्र अहवाल मान्य झाल्यानंतर. गावोगाव फिरण्याचा खर्च आधी स्वतःच्या खिशातून करावा लागतो, हे सामान्य घरातून आलेल्या विद्यार्थ्याने अर्ज भरण्यापूर्वीच ध्यानात घेतलेले बरे.

बंगळुरू येथील भारतीय विज्ञान अकादमी आणि देशातील अन्य दोन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधनवृत्ती देतात. ती विद्यार्थ्यांबरोबर अध्यापकांनाही खुली असते आणि तिचाही कालावधी साधारण दोन महिन्यांचा असतो. मात्र तिचा ओढा मूलभूत विज्ञानाकडे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीवर बसून प्रतीक्षेचा वेळ मोजू इच्छिणाऱ्यास आयसीएमआरचीच वाट अधिक सोयीची.

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत ही वाट उपलब्ध आहे, याची जाणीव सीमेपलीकडे फारशी नाही. कलबुर्गीचे महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासूनचे. हैदराबाद-कर्नाटक शिक्षण संस्थेने ते उभारले. त्याच्या जोडीला त्याच शहरात शासकीय गुलबर्गा आयुर्विज्ञान संस्था, कामगार राज्य विमा महामंडळाचे महाविद्यालय आणि ख्वाजा बंदानवाज संस्थेचे महाविद्यालय आहे. बिदरमध्ये बिदर आयुर्विज्ञान संस्था आहे. म्हणजे अर्ज करू शकणारे विद्यार्थी आणि मार्गदर्शन करू शकणारे अध्यापक यांची वाण नाही. प्रश्न आहे तो विषय निवडण्याचा. पुष्कळदा विद्यार्थी ग्रंथालयात सापडलेला एखादा तयार विषय उचलतो, आणि दाराशी उभा असलेला विषय तसाच राहून जातो.

हा दाराशी उभा असलेला विषय समजण्यासाठी १९५६ पर्यंत मागे जावे लागते. राज्यपुनर्रचनेत हैदराबाद संस्थानातील जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्र प्रदेशाला मिळाला आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा पट्टा म्हैसूर राज्यात राहिला. नकाशावर रेघ ओढली गेली, पण सोयरिकी, बाजार आणि दवाखान्याच्या वाटा तुटल्या नाहीत. भालकीची लेक उदगीरला नांदते, देगलूरची सून औरादला येते, आळंदचा रुग्ण सोलापूर गाठतो. बिदरहून हैदराबाद अवघ्या १४० किलोमीटरच्या आसपास, तर आपल्या राज्याची राजधानी बंगळुरू जवळपास ७०० किलोमीटर. गंभीर रुग्णाला घेऊन नातेवाईक कोणत्या दिशेला धावत असतील, हे सांगायला नकाशा पुरेसा आहे.

कोविडच्या साथीने ही दिशा साऱ्या देशाला दाखविली. देशातील कोविडचा पहिला नोंदलेला मृत्यू मार्च २०२० मध्ये कलबुर्गीच्या रुग्णाचा झाला. त्या रुग्णाला उपचारासाठी हैदराबादला नेण्यात आले होते, आणि परतीच्या वाटेवर त्याने प्राण सोडला. एका रुग्णाचा माग काढताना दोन राज्यांच्या यंत्रणांना एकमेकांच्या नोंदी मागाव्या लागल्या. एरवी मात्र अशा नोंदी मागण्याचा प्रसंग कोणावर येत नाही, कारण आरोग्याची आकडेवारी राज्याच्या हद्दीत सुरू होते आणि तिथेच संपते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिची जिल्हावार पत्रके उपलब्ध आहेत; पण जिल्ह्याच्या सरासरीत सीमेलगतच्या तालुक्याचे वेगळेपण विरघळून जाते आणि भाषावार चित्र तर त्यात नाहीच.

पहिल्या बाळंतपणाचे उदाहरण घेतले की या विषयाचा आवाका कळतो. मराठी घरांत लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. सासर कर्नाटकात आणि माहेर महाराष्ट्रात असेल तर गर्भारपणाची नोंद एका राज्यात आणि प्रसूती दुसऱ्या राज्यात होते. कर्नाटकात गर्भवतीला ‘तायी कार्ड’ मिळते. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताच्या मात्रा, आधीच्या सोनोग्राफीत काही आढळले असल्यास ते, असा सगळा तपशील या कार्डावर असतो. ते कार्ड उदगीरच्या रुग्णालयातील परिचारिकेच्या हाती पडल्यावर तिला त्यातले किती वाचता येते? वाचता आले नाही तर ती तपासण्या नव्याने करते, की नातेवाईकांच्या तोंडी सांगण्यावर विसंबते? प्रसूतीनंतर सासरच्या गावची आशा आणि माहेरच्या गावची आशा यांपैकी बाळाच्या घरी कोण जाते? बाळाच्या पुढच्या लसी कोणत्या यादीत चढतात? शंभर-दीडशे बाळंतिणींच्या मुलाखती आणि तेवढीच कार्डे तपासून या प्रश्नांची प्राथमिक उत्तरे दोन महिन्यांत मिळू शकतात. संशोधनवृत्तीच्या मापात नेमका बसणारा हा विषय आहे.

क्षयरोगाचेही तसेच. ‘निक्षय’ ही नोंदप्रणाली देशभर एकच असल्याने रुग्ण दुसऱ्या राज्यात गेला तरी त्याची नोंद कागदोपत्री त्याच्यामागे जाऊ शकते. ऊसतोडीला, बांधकामाला किंवा पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत गेलेल्या रुग्णाच्या हाती प्रत्यक्षात गोळ्यांचे पुढचे पाकीट किती दिवसांनी पडते, हे पाहण्यासाठी मात्र रुग्णालाच गाठावे लागते. बिदरमध्ये पशुवैद्यक विद्यापीठही आहे. जनावरांपासून माणसांना होणाऱ्या ब्रुसेलोसिससारख्या आजाराची शंका प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर किती वेळा घेतात, हा दोन्ही विद्याशाखांना एकत्र आणणारा प्रश्न अजून एखाद्या जिज्ञासू विद्यार्थ्याची वाट पाहतो आहे.

या भागातील अभ्यासाची खरी कसोटी भाषेत लागते. आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अभ्यासात सहभागी होणाऱ्याला त्याच्या समजुतीच्या भाषेत माहिती देऊन त्याची संमती घेणे बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या नैतिक समितीच्या मान्यतेवाचून अभ्यास सुरू करता येत नाही. बिदर जिल्ह्यात कन्नड बहुसंख्येची भाषा आहे. तिच्यासोबत मराठी, उर्दू, तेलुगू आणि तांड्यांवरची लमाणी बोलली जाते. बंगळुरूच्या विद्यार्थ्याला कन्नड व इंग्रजी संमतिपत्र पुरेसे वाटते. औरादच्या वृद्धेपुढे तोच कागद ठेवला तर ती अंगठा देईल, पण तिने संमती दिली असे म्हणता येणार नाही. यावर ठरलेला उपाय असा : प्रश्नावलीचे मराठीत भाषांतर करावे, ते न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा मूळ भाषेत आणावे आणि दोन्ही पाठ ताडून पाहावेत.

छापील प्रमाण मराठीही इथे नेहमी कामी येत नाही. ‘आरोग्य संस्थेस किती वेळा भेट दिली?’ या प्रश्नावर समोरची बाई गोंधळते. ‘दवाखान्यात किती डाव गेलात?’ असे विचारले तर ती लगेच उत्तर देते. मात्र तिच्या ‘दवाखान्या’त सरकारी केंद्र, खाजगी डॉक्टर आणि बाजारच्या दिवशी येणारा बिनपदवीचा वैद्य हे तिघेही असतात. हा गुंता सोडविल्याशिवाय पुढचा कोणताही तक्ता विश्वासार्ह ठरत नाही. मराठी घरांतून आलेल्या, पण कन्नडमध्ये शिकलेल्या सीमाभागातील विद्यार्थ्याचे मोल इथे कळते. दोन्ही लिप्या वाचणारा आणि दोन्हीकडच्या ओसरीवर पाणी पिऊ शकणारा संशोधक बाहेरून आणता येत नाही.

ऋतूचाही हिशेब ठेवावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत कलबुर्गीचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो. दुपारी बारानंतर मुलाखती होत नाहीत. मृग निघाला की माणसे पेरणीला लागतात. कलबुर्गी तुरीचे आगर आहे, तेव्हा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दिवसा घराला कुलूपच भेटायचे. सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर गावात पोहोचण्याची सोय ज्याने केली नाही, त्याचा नमुना केवळ घरी बसलेल्या वृद्धांचा होतो आणि निष्कर्ष त्याच बाजूला झुकतात.

एवढ्या छोट्या अभ्यासाने काय साधते, ही शंका रास्त आहे. गडचिरोलीचे उदाहरण तिला उत्तर देते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावोगावचे जन्म आणि बालमृत्यू मोजण्यापासून सुरुवात केली. पुढे ३९ गावांत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला, तुलनेसाठी ४७ गावे घेण्यात आली, आणि नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट झाल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ मध्ये हीच पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशाच्या कार्यक्रमात आली. अर्थात त्यामागे अनेक वर्षांचे वास्तव्य होते. दोन महिन्यांत क्रांती होत नाही; मोजायला शिकता येते.

योजनेतील उणिवाही लक्षात घ्याव्या लागतात. एमबीबीएस-बीडीएस वगळता इतरांना एसटीएसचे दार बंद आहे. रुग्णाच्या सर्वांत निकट असणाऱ्या परिचर्येच्या विद्यार्थिनी, कलबुर्गीच्या केंद्रीय विद्यापीठात वा गुलबर्गा विद्यापीठात समाजशास्त्र-समाजकार्य शिकणारे तरुण आणि सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर विद्यार्थी तिच्या कक्षेबाहेर राहतात. मार्गदर्शक स्वतःच्याच महाविद्यालयातील हवा, या अटीमुळे बिदर आणि लातूर अशा दोन महाविद्यालयांनी मिळून एकच अभ्यास करावा, तर त्यासाठी स्वतंत्र दोन अर्ज आणि दोन नैतिक समित्यांची मान्यता हे सोपस्कार आले. सीमाप्रदेशातील विषय एकाच बाजूने पाहिला जातो तो बऱ्याच अंशी यामुळे. अहवाल दिल्लीला जातो. ज्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याला त्याचा उपयोग व्हावा, त्याच्या टेबलावर तो पोहोचेलच असे नाही. विद्यार्थ्याने स्वतःहून दोन पानांचा सारांश कन्नड व मराठीत करून दिला तर त्यास कोणाची हरकत नसते.

गोव्यातील वाचकाला हे सारे परके वाटू नये. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सिंधुदुर्ग, कारवार आणि बेळगावचे रुग्ण रोज येतात. २०१८ च्या आरंभी बिगरगोमंतकीय रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीत त्याचे पडसाद उमटले होते. शुल्कानंतर त्या तालुक्यांतील कोणते रुग्ण येईनासे झाले, कोणी उपचार लांबणीवर टाकले आणि कोण कोल्हापूरकडे वळले, हा अभ्यास गोव्याच्या एमबीबीएस विद्यार्थ्यालाही याच विद्यार्थीवृत्तीवर करता येईल. महाविद्यालयाचे मांदूर येथील ग्रामीण आरोग्य केंद्र आणि सांताक्रूझचे नागरी केंद्र क्षेत्रीय कामाचा सराव करण्यासाठी हाताशी आहेतच. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, वेळापत्रक व अटी दरवर्षीच्या घोषणेनुसार बदलतात, आणि नैतिक समितीची बैठक दर आठवड्याला होत नाही. म्हणून मार्गदर्शकाशी बोलणे दिवाळीच्या सुमारासच सुरू केले तर मार्चपर्यंत भाषांतरित प्रश्नावली हातात येते.